अडतिसावं पान

नॉरबी गावात कौतुक करायची एकच पद्धत आहे. पीक दुप्पट येऊ दे, पोरगी डॉक्टर होऊ दे, नाहीतर हिमवादळात हरवलेली गाय शेजाऱ्याने जिवंत शोधून दारात आणून उभी करू दे, नॉरबीचा माणूस खिशात हात घालतो, बुटाच्या टोकाकडे बघतो आणि म्हणतो, "तसं काही वाईट नाही." याच्या वरची पायरी त्या गावाने बांधलेलीच नाही. जज आर्विड टॉफ्टे यांच्याबद्दल गाव सव्वीस वर्षं म्हणत आलं होतं, "माणूस तसा काही वाईट नाही." म्हणजे बघा, केवढा मान!

टॉफ्टे फेडरल कोर्टाचे जज, म्हणजे थेट वॉशिंग्टनच्या सरकारने नेमलेले. पण मूळचे गावचेच. त्यांचा बाप धान्याच्या कोठारावर काट्याजवळ बसायचा. सुगीत गव्हाचे ट्रक मैलभर रांग लावायचे आणि बाप एकेक ट्रक भरलेला तोलून, रिकामा तोलून पुढे काढायचा. लहानगा आर्विड शेजारी स्टुलावर. बाप सांगायचा, "रांग थांबली की माणसं शिव्या देतात बघ, आणि त्यांचं काही चुकत नाही." आर्विडने पुढे कायद्याची जाडजूड पुस्तकं वाचली, पण त्या स्टुलावर जे शिकला तेच जन्मभर वापरलं. रांग थांबवायची नाही.

शिकून तो गावी परतला. मृत्युपत्रं, कुंपणाची भांडणं, एकाचा बैल दुसऱ्याच्या ओटच्या शेतात शिरला, असल्या वकिलीत पंधरा वर्षं गेली. मग जजची जागा रिकामी झाली आणि सेनेटरला असा माणूस हवा होता की ज्याच्यावर दोन्ही पक्षांत कुणाचाच राग नाही. अशी माणसं राज्यात तीन निघाली. एक आजारी होता, दुसऱ्याच्या बायकोने नको म्हटलं. तिसरे टॉफ्टे.

नोकरी म्हणाल तर राजाला हेवा वाटेल अशी. मरेपर्यंत कुणी काढू शकत नाही, वर साहेब नाही, निवडणूक नाही. डोक्यावर टांगती गोष्ट एकच, सहामाही यादी. वर्षातून दोनदा, एकतीस मार्च आणि तीस सप्टेंबरला, कुठल्या जजकडे कुठला अर्ज सहा महिन्यांहून जास्त पडून आहे ते नावानिशी टिपलं जातं आणि पुढे छापून येतं. त्यात नाव आलं म्हणून दंड नाही, ठपका नाही, कुणी चकार शब्द बोलत नाही. नुसतं नाव छापलं जातं. पण ज्या माणसाला कुणीच काही करू शकत नाही, त्याला नुसतं नावही पुरतं.

टॉफ्टेंचं नाव सव्वीस वर्षांत एकदाही आलं नव्हतं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्यांच्या कचेरीत सुगीचे दिवस लागत. कोर्टाचं सगळं कामकाज सांभाळणारी डोरीन फाइस्ट, ही जर्मन-रशियन शेतकऱ्यांच्या घरातली, तोंडाने फटकळ आणि हाताने सुगरण. ती एकतीस तारखेला सुक्या आलुबुखाराचं कूखन, म्हणजे जर्मन पद्धतीचा केक, भाजून आणायची. शेवटच्या हुकुमावर सही झाली की सुरी फिरायची, त्याआधी नाही. फिरली की टॉफ्टे पहिला तुकडा खाऊन म्हणायचे, "तसं काही वाईट नाही," आणि डोरीन म्हणायची, "जजसाहेब, एवढी स्तुती नका करू, मला रडू येईल."

यंदा टॉफ्टे एकाहत्तर वर्षांचे झाले होते. पूर्ण भार उतरवून जमेल तेवढंच काम घ्यायचं, असं त्यांनी वर कळवून टाकलं होतं. एप्रिलच्या शेवटी समारंभ ठरला. अशा वेळी जजचं तैलचित्र काढून कोर्टाच्या भिंतीवर लावायची रीत आहे. चित्र तयार होऊन खाकी कागदात गुंडाळून आलंही. आणि मुख्य जजने भाषणासाठी डोरीनकडे एक मागणी केली. टॉफ्टेंनी सव्वीस वर्षांत यादीच्या तोंडावर एकूण किती हुकूम काढले, त्याचा आकडा हवा.

डोरीनने बारा मार्चला सगळे हुकूम छापून टेबलावर गठ्ठा ठेवला. "घ्या. जेवता जेवता स्वतःच्या प्रेमात पडा."

टॉफ्टे खरंच पडले. थर्मासातलं बटाट्याचं आणि कणकेच्या गोळ्यांचं नेफ्ला सूप पीत ते आपलेच हुकूम वाचत बसले. छोटी वाक्यं, स्वच्छ तर्क. अकरा वर्षांपूर्वीच्या एकतीस मार्चचा एक हुकूम हाती लागला, अडीच पानांचा. क्लॅरेन्स डेकोटो नावाच्या कैद्याने शिक्षा रद्द करा म्हणून तुरुंगातून स्वतः लिहिलेला अर्ज फेटाळलेला. दुसऱ्या पानावर ओळ होती, "आपण घटनास्थळी नव्हतो असे अर्जदार म्हणतो, मात्र त्याच्या पुष्ट्यर्थ त्याने एकाही साक्षीदाराचे प्रतिज्ञापत्र जोडलेले नाही."

डेकोटो त्यांना आठवत होता. तो शेजारच्या मूळनिवासींच्या राखीव वस्तीतला. वस्तीवर खून पडला की खटला थेट फेडरल कोर्टात येतो, त्यामुळे टॉफ्टेंपुढे उभे राहणारे निम्मे आरोपी तिथले असत, आणि ज्युरीच्या बारा खुर्च्यांवर बहुतेक टॉफ्टेंच्याच तोंडवळ्याची माणसं. चौदा वर्षांपूर्वी नाचाच्या हॉलमागे एका माणसाला अंगावर पिकअप गाडी घालून मारलं होतं. दोघांनी डेकोटोकडे बोट दाखवलं. शिक्षा तीस वर्षं, खुद्द टॉफ्टेंनीच सुनावलेली. काही बोलायचं आहे का विचारल्यावर डेकोटो एवढंच म्हणाला होता, "मी तिथं नव्हतो." असं बरेच जण म्हणतात.

अर्ज पेन्सिलने लिहिलेला होता, अक्षर शाळेतल्या पोरासारखं गोल. ते अक्षर पुन्हा बघावं एवढ्याच हौसेने टॉफ्टेंनी मूळ फाईल मागवली. एक्केचाळीस पानं. पहिली वीस वाचल्याचं त्यांना आठवलं, तेच तेच फिरवून लिहिलेलं. एकविसावं पान मात्र ओळखीचं वाटेना. पंचविसावं नाही, तिसावं नाही. अडतिसाव्या पानावर चमचा हातातच राहिला.

ते पान टंकलेलं होतं. खाली सही, पतपेढीतल्या नोटरीचा शिक्का. एल्सी मॅकक्लाउड, पेट्रोलपंपावर काउंटरला. "त्या रात्री पावणेनऊला क्लॅरेन्स डेकोटो माझ्यासमोर होता. गाडीच्या बॅटरीची वायर बांधून घेत होता. मला वेळ पक्की आठवते, कारण नऊला बंद करायचं म्हणून मी कॉफी ओतून टाकली होती, आणि त्याने मागितली म्हणून पुन्हा करावी लागली. मी चिडले होते. हे मी त्याच्या वकिलाला सांगितलं. वकिलाने मला कधी बोलावलं नाही." पंप नाचाच्या हॉलपासून चाळीस मैल. पिकअप अंगावर घातली पावणेनऊला.

सूप निवलं. टॉफ्टेंना तो एकतीस मार्च आता लख्ख आठवायला लागला. बाहेर हिमवादळ, नऊ अर्ज शिल्लक, चारचा सुमार. विसाव्या पानावर त्यांनी बोट ठेवलं होतं आणि पलीकडच्या खोलीत डोरीन बशा मांडत होती. बशांचा आवाज आला होता.

"डोरीन!"

ती दारात आली. त्यांचा चेहरा बघून म्हणाली, "सुपात काय निघालं?"

त्यांनी पान पुढे केलं. डोरीनने चष्मा नाकावर घेतला, वाचलं, आणि न सांगता खुर्चीत बसली. सव्वीस वर्षांत ती त्या खोलीत कधी न विचारता बसली नव्हती.

"म्हणजे त्या बाईचं खरं होतं," ती म्हणाली.

"कुठल्या बाईचं?"

"त्याची बहीण. इव्हॉन डेकोटो. दर डिसेंबरात पत्र येतं तिचं तुमच्या नावाने. अकरा आली."

टॉफ्टेंचा एक नियम होता, आणि त्याचाही त्यांना अभिमान होता. एका बाजूच्या नातेवाइकाचं पत्र जजने खाजगीत वाचायचं नाही. असं पत्र आलं की डोरीनने शिक्का मारून फाईलला लावायचं, त्यांच्या टेबलावर आणायचंसुद्धा नाही. नियम अगदी बरोबर होता.

"काय लिहिते?"

"एकच ओळ असते. 'साहेब, कृपा करून पान अडतीस बघा.'" डोरीन चष्मा पुसू लागली, पुसतच राहिली. "मी शिक्का मारते हो, जजसाहेब. पत्रं तपासायचं काम माझं नाही, असं तुम्हीच..."

"हो. मीच."

घरी मार्लिसने, त्यांच्या बायकोने, पहिल्याच दिवशी ओळखलं. चाळीस वर्षं चर्चमध्ये ऑर्गन वाजवलेली बाई, कुणाचा सूर कुठे घसरला ते तिला पाठमोरी बसूनही कळायचं.

"आर्विड, तू तीन वेळा मीठ घातलंस."

त्यांनी सांगितलं. नाव घेतलं नाही, एवढंच की एक कागद वाचायचा राहिला आणि माणूस आत आहे.

"मग काढ ना बाहेर."

"असं नसतं, मार्लिस. त्याने वरच्या कोर्टात दाद मागितली, त्यांनी एका ओळीत नाही म्हटलं. आता माझाच हुकूम मला आपणहून मागे घेता येतो का, हे आधी बघावं लागेल."

"किती दिवस लागतील बघायला?"

"चार."

चार दिवसांत कळलं, घेता येतो. दोन्ही बाजूंना कळवून, कारण देऊन, हुकूम रद्द करायचा, म्हणजे अर्ज पुन्हा जिवंत होतो. कारण म्हणून एकच वाक्य लिहायचं होतं: मी वाचलं नाही. टॉफ्टेंनी आयुष्यात हजारो वाक्यं लिहिली होती, हे तीन शब्द काही जमेनात. पहिल्या मसुद्यात आलं, "न्यायालयाच्या नजरेतून निसटले." दुसऱ्यात, "दस्तऐवजाची योग्य नोंद घेतली गेली नसावी." मसुदे कचऱ्याच्या डब्यात जात होते आणि तारखा पुढे सरकत होत्या. वीस मार्च गेला. चोवीस गेला.

एका शनिवारी दुपारी ते गाडी काढून निघाले. कुठे, ते मार्लिसला सांगितलं नाही, स्वतःलाही नीट सांगितलं नाही. तासाभराने गाडी त्या पंपावर उभी होती. जजने स्वतः पुरावा शोधत फिरायचं नसतं, साक्षीदाराशी बोलायचं तर मुळीच नसतं. हा नियम त्यांनी नव्या वकिलांना बोट नाचवून शिकवला होता. म्हणून त्यांनी उतरून पेट्रोलची नळी टाकीत घातली आणि तोंड मुद्दाम रस्त्याकडे केलं. टाकी घरून निघतानाच जवळजवळ भरलेली होती, तीन गॅलनमध्ये नळी खट्कन थांबली. तरी ते नळी धरून उभे. शेवटी मान वळलीच. काचेपलीकडे काउंटरला लाल स्वेटर घातलेली, साठीच्या पुढची बाई गिऱ्हाइकाला काहीतरी ठणकावून सांगत होती.

आहे, टॉफ्टेंनी मनाशी म्हटलं. एल्सी आहे. आत न जाता ते गाडीत बसले. परतीच्या वाटेवर पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्यांना भूक लागली. साक्षीदार जिवंत आहे, चिडकी आहे, ठणठणीत आहे. फार काही बिघडलेलं नाही.

आणि फार बिघडलेलं नाही म्हटल्यावर घाई कसली? तीस मार्च उजाडला तरी कागदावर सही नव्हती.

सकाळी पावाला लोणी लावत मार्लिस म्हणाली, "तू एप्रिलची वाट बघतोयस."

"काहीतरीच."

"आर्विड टॉफ्टे, मी तुझ्याशी सेहेचाळीस वर्षं संसार केलाय. परवा एक एप्रिल. त्या दिवशी सही केलीस की तुझं नाव त्या दळभद्री यादीत येत नाही. पुढची यादी सप्टेंबरात, तोवर तू मोकळा. खोटं सांगतेय का मी?"

टॉफ्टेंनी पाव खाली ठेवला. गंमत अशी की त्यांनी हा हिशेब कधी केलाच नव्हता. निदान समोर बसवून केला नव्हता. अर्ज पुन्हा जिवंत झाला की तो आजचा धरत नाहीत, दाखल झाला त्या दिवसापासून धरतात. म्हणजे यादीत छापलं जाणार होतं, आर्विड टॉफ्टे, एक अर्ज, पडून बारा वर्षं. अख्ख्या देशात एवढा जुना दुसरा निघाला नसता.

कचेरीत डोरीननेही तेच मांडलं, फक्त तिने ते मायेने मांडलं. "जजसाहेब, मी काय म्हणते, परवा करा सही. दोन दिवसांनी काय होणार आहे?"

"चौदा वर्षं आत बसलाय तो. त्याला विचारून ये, दोन दिवसांनी काय होतं ते."

"बरं, मग दुसरं. आजच सही करा आणि आजच खटला जज लुबेकबाईंकडे सोपवा. नाहीतरी तुमचीच चूक तुम्ही तपासणार नाही ना? यादीत नाव त्यांचं लागेल. त्या तरुण आहेत, त्यांना पचेल."

"म्हणजे माझ्या घरातला कचरा झाडून तिच्या अंगणात?"

"मी फक्त सुचवते हो."

"दोन्ही बाजूंना म्हणणं मांडायला तीस दिवस द्यायला हवेत. तोवर खटला माझ्याकडेच राहील. मग सोपवीन."

"म्हणजे एकतीसला तुमच्याच नावावर."

"माझ्याच."

डोरीनने मसुदा त्यांच्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "मी आलुबुखार काल रात्रीच भिजत घातलेत. त्यांचं आता काय करू?"

टॉफ्टेंनी पेन घेतलं. मसुद्यातली चार वाक्यं खोडली आणि वर लिहिलं, "अर्जासोबत प्रतिज्ञापत्र जोडलेले होते. ते पान अडतीसवर आहे. मी अर्जाची पहिली वीस पाने वाचली. उरलेली वाचली नाहीत." तारीख घातली, तीस मार्च. सही केली.

एकतीस तारखेला कूखन आलं. सुरी कुणी फिरवली नाही. संध्याकाळी डोरीनने ते झाकून पुन्हा घरी नेलं.

सतरा एप्रिलला टॉफ्टे दुकानात बटाटे निवडत होते. शेजारी एक बाई येऊन उभी राहिली, पन्नाशीची, अंगात शाळेच्या स्वयंपाकघराचा निळा झगा. तोंडवळ्यावरून त्यांनी ओळखलं. चौदा वर्षांपूर्वी ती कोर्टात पहिल्या बाकावर रोज एकाच जागी, अशीच मान ताठ ठेवून बसायची.

"मी इव्हॉन डेकोटो," ती म्हणाली. "तुम्ही बोलू नका. तुम्हाला बोलता येत नाही, मला माहीत आहे. मी बोलते, तुम्ही बटाटे निवडा."

टॉफ्टेंनी एक बटाटा उचलला.

"कागद मिळाला तुमचा. वाचून दाखवला मी क्लॅरेन्सला फोनवर. तो म्हणाला, परत वाच. तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाला, खरं लिहिलंय माणसानं. तुम्हाला वाटलं असेल, शिव्या दिल्या असतील. त्या मी दिल्या. वस्तीवर अजूनही रोज कुणीतरी देतं. एक विचारू? उत्तर नका देऊ. एल्सीचं तुम्हाला माहीत आहे का?"

टॉफ्टेंच्या हातातला बटाटा टोपलीच्या वरच थांबला.

"एल्सी गेली. तीन वर्षं झाली फेब्रुवारीत. छातीचं दुखणं. शेवटी शेवटी मला म्हणायची, अगं, मी कॉफी केली होती गं त्याला, कुणी विचारायलाच आलं नाही." इव्हॉनने त्यांच्या टोपलीत डोकावून बघितलं. "हा मऊ पडलाय. दुसरा घ्या."

ती गेल्यावरही टॉफ्टे तिथेच उभे होते. म्हणजे लाल स्वेटरवाली कुणी भलतीच होती. तीन गॅलन पेट्रोल घेऊन ज्या बाईच्या आधाराने ते तीन आठवडे जेवले, झोपले, ती कुणी भलतीच. आणि ते वेळेवर अडतिसाव्या पानापर्यंत गेले असते तर खरी एल्सी आठ वर्षं हाताशी होती. साक्षीच्या खुर्चीत बसून, चिडून, कॉफीची गोष्ट सांगायला तयार. आता उरला होता एक कागद. आणि कागदाला उलट प्रश्न विचारता येत नाहीत, ही हरकत सरकारी वकील पहिल्याच मिनिटाला घेणार, हे त्यांच्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक असणार?

दुसऱ्या दिवशी त्यांनी फाईलला टाचण जोडलं, की अर्जदाराच्या बहिणीने दुकानात आपल्याला गाठलं, ती काय म्हणाली, आपण काही बोललो नाही. डोरीनने शिक्का मारता मारता वाचलं आणि विचारलं, "बटाट्याचंही लिहायचं?"

"ती जे म्हणाली ते सगळं."

महिनाअखेरीस, मुदत संपताच, खटला जज कोरिन लुबेक यांच्याकडे गेला आणि इकडे समारंभ झाला. मुख्य जजने भाषणातलं यादीचं वाक्य गाळलं होतं, त्यामुळे भाषण फारच आखूड झालं. चित्रावरचा कागद निघाला. चित्रातले टॉफ्टे खऱ्या टॉफ्टेंपेक्षा दहा वर्षांनी लहान, हात बंद पुस्तकावर. टाळ्या झाल्या. तळघरातून आलेल्या कॉफीच्या वासात टॉफ्टे बोलायला उठले.

"या वर्षी माझं नाव यादीत येणार आहे," ते म्हणाले.

सगळं दालन खो खो हसलं. टॉफ्टेंना शेवटी शेवटी विनोद सुचायला लागला म्हणून लोक खूश. चालू खटल्याबद्दल बोलता येत नाही, त्यामुळे ते यापुढे काही बोलू शकत नव्हते. हसू ओसरेपर्यंत उभे राहिले आणि बसले. पहिल्या रांगेत दोघीच हसल्या नव्हत्या, मार्लिस आणि डोरीन. बाहेर पडताना एक म्हातारा शेतकरी त्यांचा हात हलवत म्हणाला, "चित्र तसं काही वाईट नाही."

यादी उन्हाळ्यात छापून आली तेव्हा कुणी हसलं नाही. कुणी काही बोललंही नाही. नॉरबीत तेच जास्त जिव्हारी लागतं. कॉफीच्या दुकानात लोक त्यांना पाऊसपाण्याबद्दल पूर्वीपेक्षा जरा लांबण लावून सांगू लागले, बस.

ऑगस्टात लुबेकबाईंनी दोन दिवस सुनावणी घेतली, तीही दोनशे मैलांवरच्या शहरात. टॉफ्टे गेले नाहीत, जाऊन चालणारही नव्हतं. डोरीनच्या कानावर मात्र सगळं यायचं. एल्सीच्या मुलीने आईची पंपावरची हजेरीची वही आणली होती. डेकोटोचा जुना वकील म्हणाला, मला काही आठवत नाही. सरकारी वकिलाने कागदावर हरकत घेतली, अगदी टॉफ्टेंनी मनात योजलेल्या शब्दांत. क्लॅरेन्स डेकोटोचे केस पांढरे झालेत, असंही डोरीनने सांगितलं.

सप्टेंबर सरत आला. टॉफ्टे आता आठवड्यातून तीनच दिवस येत. काम एकाच जातीचं मागून घेत, कैद्यांनी हाताने लिहिलेले अर्ज. एकेका अर्जाला आठवडा लावत, आणि वाचताना पुटपुटत. डोरीन म्हणायची, आतून चर्चसारखा आवाज येतो.

तीस सप्टेंबरला त्यांचं हातातल्या कागदावर लक्ष लागेना. लुबेकबाईंनाही आता हीच तारीख. अर्ज जुना, त्यामुळे आज निकाल दिला नाही तर त्यांचं नाव लागणार. बाई हुशार, हिरीरीच्या, जज होऊन पाचच वर्षं झालेल्या, वरच्या कोर्टात जायची इच्छा असलेल्या. त्यांच्याही टेबलावर गठ्ठा असेल. त्यांचीही कचेरी आज घड्याळ बघत असेल. फोन उचलून एवढंच सांगावं असं टॉफ्टेंना सकाळपासून दहादा वाटलं, की बाई, सावकाश. पण तेही करता येत नाही. ते हात मांडीखाली घेऊन बसले, लहानपणी स्टुलावर बसायचे तसे.

साडेपाचला डोरीन आत आली.

"निकाल नाही," ती म्हणाली. "बंद झालं त्यांचं कार्यालय. लागणार त्यांचं नाव."

टॉफ्टेंनी श्वास सोडला. मग त्यांच्या लक्षात आलं की डेकोटोची आणखी एक रात्र आत जाणार, आणि किती जाणार ते कुणालाच माहीत नाही. निकाल 'नाही' असाही येऊ शकतो.

"इव्हॉनचा फोन होता चौकशीच्या खिडकीवर," डोरीन म्हणाली. "रोजच असतो. मी म्हटलं, बाई, अजून काही आलेलं नाही, उशीर होतोय. मला वाटलं, आता ओरडेल."

"मग?"

"मग हळूच विचारते, 'म्हणजे वाचतायत का त्या?'"

"तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? मला कुठे दिसतंय दोनशे मैलांवरचं?" डोरीनने दाराची मूठ धरली. "म्हटलं, हो बाई. वाचतायत."

टॉफ्टेंनी मान हलवली. समोरचा पेन्सिलने लिहिलेला अर्ज त्यांनी पुन्हा जवळ ओढला, आणि कुठवर आलो होतो ते आठवेना, म्हणून पहिल्या पानापासून सुरुवात केली.